मानदुखीचा उपचार एकाला लागू पडतो, दुसऱ्याला का नाही? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मान धरून आलेला पेशंट खुर्चीत बसायच्या आत विचारतो, "यावर सगळ्यात चांगला उपचार कोणता?" मशीन, मालिश, ट्रॅक्शन (मानेला ताण देऊन ओढणं), गोळ्या, इंजेक्शन ही यादी त्याच्याकडे तयारच असते. फिजिओथेरपीच्या ओपीडीत बसणाऱ्याला मात्र उलटे प्रश्न पडतात. दुखणं कोणत्या जातीचं? किती जुनं? झोप लागते का? घरी गेल्यावर हा माणूस काय करणार? उपचाराच्या नावापेक्षा या उत्तरांवर गुण येणं-न येणं जास्त अवलंबून असतं. पुढचे प्रश्न पेशंट नेहमी विचारतात ते आहेत. त्यांची उत्तरं वाचून तपासणी टाळू नका.

शेजारच्या काकूंना आठ दिवसांत आराम पडला. मला तोच उपचार महिनाभर चालू आहे, तरी फरक नाही. असं का?

काकूंचं दुखणं बहुधा ताजं होतं. सकाळी उठल्यावर मान आखडली, एका बाजूला वळेना, अशी मान बहुतेकांची आठ-पंधरा दिवसांत काही न करताही मोकळी होते. शिवाय माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर, म्हणजे तिथून ते उतरणारच असतं. त्या आठवड्यात जो उपचार चालू असेल त्याला श्रेय मिळतं. आमच्या धंद्याची निम्मी अब्रू यावर टिकून आहे, असं गमतीने म्हणायला हरकत नाही.

सहा आठवड्यांच्या आतली मानदुखी ताजी, बारा आठवड्यांपुढची जुनाट, असा ढोबळ हिशेब आहे. जुनाट दुखण्यात मानेच्या खोल स्नायूंची ताकद कमी झालेली असते, हालचाल जपून करायची सवय लागलेली असते आणि मेंदू त्या भागाबद्दल जरा जास्तच जागरूक झालेला असतो. तिथे दहा दिवसांच्या शेकाने काम होत नाही. सुरुवातीलाच दुखणं फार तीव्र असणं, पूर्वी वारंवार मान धरलेली असणं, कंबर-गुडघे-खांदे असं एकाच वेळी बरंच काही दुखत असणं, हे सगळं असेल तर बरं व्हायला वेळ लागतो.

मानदुखीत लगेच डॉक्टरांकडे कधी पळायचं?

हाताची बोटं बोजड झाली, शर्टाची बटणं लावताना किंवा सुईत दोरा ओवताना चुकायला लागलं, चालताना पाय अडखळतात, तोल जातो, लघवीवरचा ताबा सुटतोय, तर मज्जारज्जूवर दाब असू शकतो. अपघातानंतरचं तीव्र दुखणं, ताप आणि कडक झालेली मान, कॅन्सर किंवा टीबीचा पूर्वेतिहास, विनाकारण उतरलेलं वजन, रात्री झोपेतून उठवणारं न थांबणारं दुखणं, हेही अंगावर काढू नये. मानेबरोबर छातीत दडपण, जबडा किंवा डावा हात दुखून घाम फुटला, तर आधी ईसीजी. अचानक, पूर्वी कधी नव्हतं असं मान-डोकं दुखून चक्कर, दोन-दोन दिसणं, बोबडी वळणं असं झालं, तर मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झालेली असू शकते. अशा वेळी थेट मोठ्या रुग्णालयात जा.

माझी मानदुखी नेमकी कोणत्या प्रकारची आहे?

याचं उत्तर चुकलं की पुढचं सगळं चुकतं. म्हणून इथे जरा थांबू.

सगळ्यात मोठा गट साध्या, यांत्रिक मानदुखीचा. दुखणं मानेत आणि खांद्याच्या वरच्या पट्ट्यात, बसल्यावर वाढणारं, हालचालीने थोडं मोकळं होणारं. यात व्यायामाचा गुण चांगला येतो.

दुसरा गट नस दबलेल्यांचा. यात मानेपेक्षा हात जास्त दुखतो. वीज गेल्यासारखी कळ खाली उतरते, मुंग्या येतात. अंगठ्याकडे मुंग्या असतील तर साधारण मानेतली सहावी नस, मधल्या बोटाकडे सातवी, करंगळीकडे आठवी. सर्वांत जास्त वेळा सातवी सापडते. असे पेशंट बाकावर बसलेलेही ओळखू येतात, कारण दुखरा हात त्यांनी डोक्यावर ठेवलेला असतो. तसं केल्याने नसेवरचा ताण कमी होतो, हे त्यांना कोणी शिकवलेलं नसतं. हे दुखणं फार छळतं, पण बहुतेकांचं चार-सहा महिन्यांत बरंच निवळतं, हे त्यांना पहिल्याच भेटीत सांगायला हवं.

तिसरा गट मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीचा. एकाच बाजूला, मानेच्या मागून कपाळाकडे येणारी, मान वळवल्यावर वाढणारी. अर्धशिशीच्या गोळ्यांनी ती हटत नाही.

आणि चौथा गट, ज्यांची मान बिचारी निर्दोष असते. केस विंचरताना, पाठीमागे हुक लावताना, मागच्या खिशातून पाकीट काढताना कळ येत असेल तर खांदा तपासा. मधुमेह असेल तर आखडलेल्या खांद्याची शक्यता जास्त. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते, हात झटकला की बरं वाटतं, असं असेल तर नस बहुधा मनगटात दबलेली आहे. दोन्ही पायांना आणि हातांना मुंग्या असतील तर साखर आणि बी-१२ तपासून घ्या. आपल्याकडे शाकाहारी घरांत बी-१२ची कमतरता काही दुर्मीळ नाही आणि ती फार वाढली तर तोल जाण्यापर्यंत मजल जाते. या लोकांच्या मानेला वर्षभर ट्रॅक्शन दिलं तरी काय होणार?

एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते. मग व्यायामाने ती आत जाणार का?

व्यायाम गादी, म्हणजे दोन मणक्यांमधली चकती, आत ढकलण्यासाठी नसतोच. जपानमध्ये मान अजिबात न दुखणाऱ्या १,२११ लोकांचे एमआरआय काढून २०१५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यांतल्या सुमारे ८८ टक्के लोकांच्या मानेत गादी फुगलेली दिसली. विशीतल्या मुला-मुलींमध्येही हे प्रमाण साधारण तीन-चतुर्थांश होतं. त्यामुळे रिपोर्टमधली ओळ आणि तुमचं दुखणं यांचा संबंध आहेच असं नाही. तो आहे की नाही हे तपासणीतून ठरतं: ज्या बाजूची, ज्या पातळीची नस फोटोत दबलेली दिसते, त्याच बोटांत मुंग्या, त्याच स्नायूत अशक्तपणा मिळतो का?

रिपोर्टचा एक तोटा मात्र हमखास होतो. "मणक्यात गॅप आहे", "हाड वाढलंय", "मान झिजली" ही वाक्यं ऐकून माणूस मान हलवायची सोडतो, उशी सोडतो, भरलेली बादली उचलणं सोडतो. मग स्नायू आणखी ढिले पडतात. हाडांचे फुगवटे वयाबरोबर बहुतेकांना येतात, तेव्हा रिपोर्ट फाइलमध्ये ठेवा आणि वरची धोक्याची लक्षणं नसतील तर मान हलवत राहा.

व्यायाम केले, पण उपयोग झाला नाही.

कोणते? किती? किती दिवस? इथे आमच्या समोर बसलेला माणूस बहुतेकदा मान चारही दिशांना गोल फिरवून दाखवतो. ती मान मोकळी करण्याची क्रिया झाली. ताकद वाढवण्याचा व्यायाम वेगळा.

फिनलंडमध्ये जुनाट मानदुखी असलेल्या, ऑफिसात काम करणाऱ्या १८० स्त्रियांवर झालेला अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाने रबरी पट्ट्याने मानेची ताकद वाढवणारे व्यायाम केले, दुसऱ्या गटाने मानेच्या स्नायूंचा दम वाढवणारे हलके व्यायाम केले, तिसऱ्याला ताण देण्याचे व्यायाम आणि चालणं-पळणं असा साधा सल्ला होता. वर्षाने पाहिलं तर बराच किंवा पूर्ण आराम पडल्याचं सांगणाऱ्या पहिल्या गटात ७३ टक्के होत्या, दुसऱ्यात ५९ आणि तिसऱ्यात २१. मुदत लक्षात घ्या: एक वर्ष. आपल्याकडे "दहा सिटिंग"चं पॅकेज संपलं की व्यायामही संपतो.

वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी डेन्मार्कचा अभ्यास सांगतो. तिथे १९८ लोकांच्या अभ्यासात दोन गटांना दहा आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, रबरी पट्ट्याने हात बाजूला उचलण्याचा व्यायाम दिला. एका गटाला दिवसाला १२ मिनिटं, दुसऱ्याला फक्त दोन मिनिटं. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं. रोज दोन मिनिटं सुद्धा जमत नसतील तर अडचण वेळेची नाही.

खोल स्नायूंचा व्यायाम दिसायला अगदी क्षुल्लक आहे, म्हणून हमखास चुकतो. उताणं झोपा, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल. डोकं न उचलता, हळूच "हो" म्हटल्यासारखी हनुवटी आत घ्या. दोन बोटं गळ्याच्या बाजूला ठेवा. कानामागून छातीच्या हाडाकडे येणारी दोरीसारखी नस ताठ झाली (ती खरं तर नस नाही, वरवरचा स्नायू आहे), तर जोर जास्त लागला. ती मऊ राहील इतकंच करायचं. दहा सेकंद, दहा वेळा. पेशंट म्हणतात, "एवढंच?" आणि पाचव्या वेळेला त्यांची मान थरथरायला लागते. ते जमलं की रबरी पट्टा, मग वजन. वाढवत नेलं नाही तर व्यायाम तिथेच अडतो.

मग शेक, मशीन, मालिश, ट्रॅक्शन हे सगळं फुकट का?

फुकट नाही, पण ते एकटं पुरत नाही. शेकाने आणि हलक्या मालिशने तास-दोन तास बरं वाटतं. त्या वेळात मान हलवली, व्यायाम केला, तर त्याचा फायदा झाला. शेक घेऊन घरी येऊन आडवं झालं तर नाही. ग्रीवाबस्ती (मानेवर कोमट तेल साठवून ठेवण्याचा आयुर्वेदिक उपचार) किंवा कोमट तेलाबद्दलही माझं हेच मत. वैद्यांकडून करून घ्या, आराम पडतो तेवढा घ्या, पण व्यायाम सोडू नका.

अमेरिकेत २७२ लोकांच्या एका चाचणीत (२०१२) हाताने मणके हलवण्याचा उपचार, औषधं, आणि घरी करायचे व्यायाम अशी तुलना झाली. व्यायाम गटाला फक्त दोन वेळा शिकवलं होतं, पण घरी दिवसातून सहा ते आठ वेळा थोडं थोडं करायला सांगितलं होतं. शेवटी हातांचा उपचार आणि घरचा व्यायाम यांत महत्त्वाचा फरक निघाला नाही.

मानेचा पट्टा (कॉलर) नव्याने नस दबली असेल तर थोडे आठवडे दुखणं कमी करू शकतो. साध्या मानदुखीत तो महिनोन्‌महिने घालणं म्हणजे स्नायूंना सुट्टी देणं.

सलूनमध्ये मान मोडून घेतली तर?

नको. मानेच्या मणक्यांमधून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या जातात आणि झटका चुकला तर त्या फाटू शकतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर अर्धांगवायूपर्यंत जातं. "कट्" असा आवाज आला म्हणजे मणका जागेवर बसला, असंही नाही. सांध्यातल्या द्रवात पोकळी तयार होऊन तो आवाज येतो. हा उपचार घ्यायचाच असेल तर तपासणी करून, धोके सांगून, संमती घेऊन करणाऱ्या नोंदणीकृत थेरपिस्टकडून घ्या.

डॉक्टर म्हणतात, "टेन्शन घेऊ नका." म्हणजे माझं दुखणं मनाचं आहे का?

नाही. दुखणं खरंच आहे. पण झोप, धास्ती आणि निराशा यांनी त्याचा आवाज कमी-जास्त होतो, हे आता चांगलं माहीत झालेलं आहे.

स्वीडनमध्ये गाडीच्या धडकेत मानेला हिसका बसलेल्या लोकांना सुरुवातीलाच विचारलं, "तुम्ही पूर्ण बरे व्हाल असं वाटतं का?" ज्यांना फारशी आशा नव्हती, त्यांच्यात सहा महिन्यांनी जास्त अपंगत्व राहण्याची शक्यता साधारण चौपट होती, आणि सुरुवातीच्या दुखण्याची तीव्रता जमेस धरूनही. म्हणून पहिल्या भेटीत डॉक्टर किंवा थेरपिस्ट काय बोलतो, हा उपचाराचाच भाग आहे. "तुमची मान आता अशीच राहणार" हे वाक्य बोलणाऱ्याला सहज विसरता येतं, ऐकणाऱ्याला नाही.

झोपेचा प्रश्न मी तरी सगळ्यात आधी विचारतो. रात्री साडेबारापर्यंत मोबाइल, पहाटे पाचला पाणी येतं म्हणून उठायचं, मध्ये मान दुखून दोनदा जाग. अशा माणसाला मी कितीही चांगला व्यायाम शिकवला तरी शरीर सावरणार कधी? काही वेळा एवढंच करावं लागतं की पाणी भरायची पाळी घरात दुसऱ्या कोणी घ्यावी. घरच्यांना बोलावून हे सांगावं लागतं, कारण पेशंट घरची बाई असेल तर ती स्वतःहून सांगत नाही.

नैराश्य असेल तर त्याचा वेगळा उपचार घ्या. त्यात कमीपणा काही नाही, मानेलाही त्याचा फायदा होतो.

अपघातात मानेला हिसका बसला. जितके जास्त सिटिंग तितकं लवकर बरं वाटेल ना?

तसं दिसत नाही. ऑस्ट्रेलियात असं जुनाट दुखणं असलेल्या १७२ लोकांपैकी निम्म्यांना वीस सत्रांचा भरगच्च व्यायाम कार्यक्रम दिला, निम्म्यांना अर्ध्या तासाचा एकच सल्ला आणि गरज पडली तर फोन. २०१४ मध्ये आलेला निकाल असा की दुखण्यात दोघांमध्ये सांगण्यासारखा फरक नव्हता. या प्रकारात सुरुवातीच्या दुखण्याची तीव्रता आणि मनाला बसलेला धक्का यांचा परिणाम मोठा असतो.

भरपाईच्या भानगडीचाही परिणाम होतो. कॅनडातल्या सस्कॅचेवान प्रांताने १९९५ पासून वेदनेबद्दलची भरपाई बंद करून अपघातविम्याची पद्धत बदलली, तेव्हा दाव्यांची संख्या घटली आणि दावे लवकर निकाली निघू लागले. याचा अर्थ लोक दुखण्याचं सोंग करतात असा काढू नये. वर्षानुवर्षं कागद गोळा करत "मला किती दुखतं" हे सिद्ध करत राहावं लागलं, तर कोणाचंही लक्ष दुखण्यावरून हटणं कठीण.

मोबाइल आणि वाकून बसणं सोडलं की मान बरी होईल?

"वाईट पोश्चर" हा शब्द मला फारसा आवडत नाही. ब्राझीलमध्ये १८ ते २१ वयाच्या मुलांमध्ये मोबाइलवर वाकण्याची पद्धत आणि मानदुखी यांचा संबंध शोधला, तो सापडला नाही. एका जागी तासन्‌तास न हलणं जास्त जाचतं, मग तुम्ही ताठ बसा की वाकून. दर अर्ध्या तासाने उठा. लॅपटॉप उंच करा, वेगळा कीबोर्ड लावा. ते सोयीचं आहे, पण त्याने सगळं सुटत नाही. उशी अशी घ्या की कुशीवर झोपल्यावर मान सरळ राहील. "सर्व्हायकल पिलो"वर हजारो रुपये घालवण्याआधी घरातल्या दोन उशा आलटून-पालटून बघा.

काम बंद करणं परवडत नाही. मग उपचाराचा काय उपयोग?

ब्लाउज शिवणाऱ्या एका ताईंचं उदाहरण देतो. दिवाळीच्या तोंडावर ऑर्डरींचा ढीग, मशीन खिडकीला पाठ करून ठेवलेलं, त्यामुळे सुईवर स्वतःचीच सावली. त्या सुईजवळ नाक नेऊन शिवत होत्या. चष्म्याचा नंबर दोन-तीन वर्षांत तपासला नव्हता. मशीनची दिशा बदलली, सुईवर छोटा दिवा लावला, नवा चष्मा आला. कापण्याचं काम उभ्याने ओट्यावर करायचं, मग तासभर शिवायचं, मग हुक-काज, असा क्रम बदलून घेतला. ऑर्डर एकही सोडली नाही. व्यायामाचा गुण त्यानंतर दिसायला लागला.

कामावर स्वतःची मर्जी चालत नसेल, साहेब सतत डोक्यावर असेल, तर बरं व्हायला वेळ लागतो. हे औषधाच्या चिठ्ठीवर लिहिता येत नाही, पण थेरपिस्टला सांगून ठेवा.

गोळ्या किती दिवस घ्याव्यात?

थोडे दिवस, डॉक्टरांच्या सल्ल्याने. बीपी, किडनी किंवा ॲसिडिटीचा त्रास असेल तर वेदनाशामक गोळ्या मेडिकलमधून स्वतःच्या मनाने घेऊ नका. अफूवर्गीय तीव्र औषधांचा मोह तर नकोच: सिडनीत ताज्या कंबर आणि मानदुखीच्या ३४७ रुग्णांवर झालेल्या चाचणीत (२०२३) ती औषध नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस ठरली नाहीत. लेबल नसलेल्या "देशी" पुड्यांपासूनही सावध राहा. दोन दिवसांत जादूसारखा आराम पडला तर त्यात स्टेरॉइड मिसळलेलं असण्याचा संशय घ्यावा.

उपचार लागू पडतोय हे कसं ओळखायचं? किती दिवस वाट पाहू?

"आज बरं आहे, काल नव्हतं" यावरून काही कळत नाही. दहापैकी किती दुखतं हा आकडा आठवड्यातून एकदा लिहा. दोन अंकांनी उतरला तर फरक खरा मानायला हरकत नाही. त्याच्याजोडीला तुमच्या तीन अडलेल्या गोष्टी लिहा: गाडी रिव्हर्स घेताना मागे बघणं, पोळ्या लाटणं, पुस्तक घेऊन अर्धा तास बसणं. दुखणं तेवढंच राहिलं पण पोळ्या लाटता यायला लागल्या, तर गाडी योग्य दिशेने चालली आहे. मधूनच दुखणं उसळलं तर उपचार फसला असं समजू नका, दोन दिवस व्यायामाचं प्रमाण कमी करा. नियमाने करूनही सहा आठवड्यांत आकडाही हलला नाही आणि कामंही, तर त्याच उपचाराचं दुसरं पॅकेज घेऊ नका. पुन्हा तपासणी करून निदानापासून सुरुवात करायला सांगा.

ऑपरेशनने कायमचं बरं वाटेल का?

फक्त मान दुखते म्हणून ऑपरेशन केलं तर निराशा होण्याची शक्यता मोठी. हाताची नस दबून महिनोन्‌महिने असह्य कळा येत असतील किंवा हाताची ताकद कमी होत चालली असेल, तर त्याचा विचार होतो आणि हातदुखी चांगली कमी होते. मज्जारज्जूवर दाब असेल तर मात्र वेळ दवडू नये, कारण लक्षणं किती दिवसांची आणि किती वाढलेली, यावर ऑपरेशननंतर किती परत मिळेल हे बरंचसं ठरतं. मणके जोडण्याचं ऑपरेशन ठरलं असेल तर सिगारेट, बिडी आणि तंबाखू आधीच सोडा, निकोटीनमुळे हाड जुळायला अडथळा येतो. साखर आटोक्यात आणा. आणि ऑपरेशननंतर व्यायाम कधी सुरू करायचा, कोणाच्या देखरेखीखाली, हे डिस्चार्जच्या दिवशी नव्हे तर दाखल होण्याआधीच सर्जनना विचारून घ्या.